आडवं कोकण

मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या माणसाच्या लेखी तळेरे म्हणजे फार तर चहाचं ठिकाण. खारेपाटण मागे पडलं, तळेरे आलं, आता कणकवली. महामार्ग चौपदरी झाल्यापासून तेवढं थांबणंही उरलं नाही. मीही कित्येक वर्षं असाच गेलो, पुढच्या गावाचे किलोमीटर मोजत. मग एका भाद्रपदात, गणपती बोळवून मुंबईला परतताना, पाऊस एवढा कोसळला की समोरचं दिसेना. तळेऱ्याला गाडी कडेला घेतली आणि टपरीवर चहा सांगितला. वेळ जावा म्हणून चहावाल्या काकूंना विचारलं, हे इथून फुटणारे रस्ते जातात कुठे?

"हो विजयदुर्गाक जाता, तो घाटार." त्यांनी दोन्ही हात दोन बाजूंना पसरले. "पूर्वी सगळा हयसूनच जाय-येय."

ते पसरलेले हात अजून डोळ्यांसमोर आहेत. एका हाताच्या टोकाला समुद्र, दुसऱ्याच्या टोकाला सह्याद्री आणि मधे तळेरे. पाऊस उघडल्यावर मी मुंबईची वाट धरली खरी, पण महिन्याभरात परत आलो, तो फक्त या दोन रस्त्यांसाठी. त्यानंतर अनेकदा आलो. आणि आता माझी खात्री झाली आहे की आपण कोकण चुकीच्या दिशेने बघतो.

आपण ते उभं बघतो. पनवेलहून सुटलेला महामार्ग कन्याकुमारीपर्यंत उभा जातो; पूर्वी कोकणात त्याचा क्रमांक १७ होता, आता ६६ आहे. १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वेही उभीच. चाकरमान्यांच्या डोक्यातला नकाशाही तसाच, वर मुंबई, खाली सावंतवाडी. पण कोकणातली एकही मोठी नदी उभी वाहत नाही. सगळ्या सह्याद्रीत उगवतात आणि थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात. जुन्या माणसांची भाषा ऐका. ती कोकणाचे तुकडे उत्तर-दक्षिण पाडत नाही. किनाऱ्यालगतची ती खलाटी, आतली चढती जमीन ती वलाटी आणि डोक्यावर घाटमाथा. समुद्राकडून डोंगराकडे जाताना एकामागून एक लागणारे हे पट्टे. ज्यांनी हे शब्द घडवले ते आडवे चालत होते.

मीठ, सुकी मासळी, नारळ खालून वर जायचे. गूळ, मिरची, कापड वरून खाली यायचं. माल घाटातून बैलांच्या पाठीवर उतरायचा आणि खाडीत गलबतावर चढायचा. महामार्गाची गाडी यातली प्रत्येक नदी एकदाच, एका पुलावरून, दहा-पंधरा सेकंदांत ओलांडते. नदीचं नाव वाचायच्या आत पूल संपतो. तळेऱ्याला मात्र उभा रस्ता आणि आडवा रस्ता एकमेकांना भेटतात. गाडीचं तोंड फिरवा, दोन्हीपैकी कुठेही, आणि तुम्ही आडवाटेला लागत नाही. उलट कोकणाच्या मूळ हमरस्त्यावर येता.

मी आधी घाटाच्या बाजूला गेलो, कारण पाणी तिथून निघतं.

वैभववाडीच्या रस्त्यावर तळेऱ्याहून थोड्याच वेळात नाधवडे लागतं. इथे महादेवाचं देऊळ आहे आणि त्याच्याजवळ उमाळा. उमाळा हा शब्द आपण मनाला लावतो, मायेचा उमाळा, दुःखाचा उमाळा. इथे तो आधी पाण्याचा आहे. जमिनीतून पाणी खालून वर उसळत राहतं. काठाशी उकिडवं बसून बघितलं की तळाची बारीक वाळू हलताना दिसते. एके ठिकाणी ती गोल गोल फिरते, थबकते, शेजारी दुसरीकडे उठते, जणू खाली कुणीतरी श्वास घेतंय. मी एक वाळलेलं पान त्यावर सोडलं. ते जागच्या जागी डुलत राहिलं आणि मग सावकाश प्रवाहाला लागलं.

हे होतं कसं? पाऊस डोंगरउतारावर पडतो, त्यातला काही भाग दगडाच्या भेगांतून आणि मातीतून आत मुरतो. आत मुरलेलं पाणी खाली खाली सरकत जातं, पण मागचं पाणी उंचावर असल्याने त्याचा दाब पुढच्यावर असतो. उतार संपतो तिथे जमिनीला फट मिळाली की दाबाखालचं पाणी वर येतं. नळीचं एक टोक उंच धरून दुसरं खाली आणलं की धार उडते, तसंच. फरक एवढाच की या नळीतून पाणी फार हळू चालतं. आषाढात मुरलेलं फाल्गुनातही बाहेर येत राहतं. म्हणून उन्हाळ्यात भोवतालचे ओहोळ कोरडे पडतात, तेव्हाही नाधवड्याचं पाणी चालू असतं, आणि त्याच पाण्यावर जवळचा नापण्याचा धबधबा बारमाही कोसळतो. कोकणात पावसाळी धबधबे पायलीला पन्नास, बारमाही क्वचित. नापण्याला २०२५ मध्ये काचेचा पूल झाला आहे आणि लोक तो बघायला मुद्दाम येतात. माझं सांगणं एवढंच, आधी उमाळा बघा, मग पुलावर जा. म्हणजे पायाखालून जाणारं पाणी ओळखीचं असेल.

पुढे वैभववाडी, मग करूळ घाट आणि वर गगनबावडा. समोर सह्याद्री भिंतीसारखा उभा राहतो तो का, हे या रस्त्यावर चांगलं कळतं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले. पुढे पश्चिमेचा भाग खचला, कडा झिजत झिजत पूर्वेकडे सरकला आणि पायथ्याशी कोकणाची पट्टी उरली. समुद्रावरून आलेला ढग या भिंतीला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि रिकामा होतो. गगनबावडा पावसासाठी प्रसिद्ध आहे ते त्यामुळेच. घाटाच्या एका वळणावर मी ढगात होतो, दोन वळणांनी ढगाच्या वर. हात बाहेर काढला तर बोटांवर बारीक थेंब जमले. त्यातलेच काही नाधवड्याला निघणार.

घाटातलं आणि वैभववाडीच्या परिसरातलं हे पाणी पुढे वाघोटणच्या खाडीला मिळतं. ती खाडी गाठायला तळेऱ्याच्या जरा उत्तरेला खारेपाटणला जायला हवं. महामार्गावरूनच जावं लागतं, पण गावात उतरायचं, पुलावरून पुढे निघून जायचं नाही.

खारेपाटण समुद्रापासून चाळीसेक किलोमीटर आत. तरीही नावात 'खारे' आहे आणि 'पाटण'ही. पाटण म्हणजे पट्टण, व्यापाराचं शहर. इतक्या आत बंदर कसं? उत्तर वीस हजार वर्षं मागे आहे. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. नद्यांनी त्या खालच्या पातळीपर्यंत खोल दऱ्या कोरल्या. मग बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि दऱ्यांच्या तोंडातून आत शिरला. आपली प्रत्येक खाडी म्हणजे अशी बुडालेली दरी आहे. तिच्यातून भरतीचं पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं. जुन्या तांडेलाला इंजिनाची गरज नव्हती. भरती लागली की गलबत सोडायचं, पाणीच त्याला आत घेऊन यायचं. ओहोटीबरोबर परत. जिथवर भरती पोचते तिथवर जहाज पोचतं, आणि जिथे जहाज थांबतं तिथे घाटातून उतरलेला बैल त्याची वाट बघत असतो. बाजार तिथे वसतो. खारेपाटण त्या जागेवर आहे. पुढे गाळ साचत गेला, बंदर हळूहळू संपलं. काठावर उभं राहिलं तर आता एखादी होडी दिसते.

पण या बंदराचं एक पक्कं कागदपत्र आहे, तांब्याचं. शिलाहार राजा रट्टराज याने शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ मध्ये दिलेला ताम्रपट. शैव आचार्यांना आणि देवळाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. गावं दिली आहेत, देवळाच्या कामाला तेली, माळी, कुंभार, परीट यांची कुटुंबं लावून दिली आहेत. आणि एक कलम असं: परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण देवळाला द्यायचा. ठरावीक बंदरातून येणाऱ्या जहाजांना दर वेगळा, आणि चेमुल्य म्हणजे आपलं चौल, तसंच गोव्याकडचं चंद्रपूर, ही नावं त्यातून वगळलेली. महामार्गावर टोल भरताना मला आता हे आठवतं. हजार वर्षांपूर्वी या आडव्या रस्त्यालाही पथकर होता. तो सोन्यात मोजला जायचा आणि त्यावर देवळातला दिवा जळायचा.

हा ताम्रपट खारेपाटणमध्ये सापडला. तो सर्वप्रथम वाचून, भाषांतरासह, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापला बाळ गंगाधर शास्त्री यांनी, १८४०च्या दशकात. हेच आपले बाळशास्त्री जांभेकर, 'दर्पण'कार. मराठी पत्रकारितेचे जनक म्हणून त्यांचं नाव आपण शाळेत पाठ करतो, ६ जानेवारी १८३२ ही 'दर्पण'च्या पहिल्या अंकाची तारीखही पाठ करतो. पण ते कुठले? पोंभुर्ल्याचे. आणि पोंभुर्ले हे देवगड तालुक्यातलं गाव, तळेरे-खारेपाटणच्या पंचक्रोशीतलं. हा धागा जुळला तेव्हा मी रस्त्यातच थांबलो. शेजारच्या गावचं पोर मुंबईला जातं, संस्कृत, इंग्रजी आणि कितीतरी भाषा शिकतं, एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवतं, कुलाब्याच्या वेधशाळेचं काम बघतं. आणि एक दिवस त्याच्या पुढ्यात तांब्याचे पत्रे येतात, त्याच्याच मुलखातल्या बाजारपेठेचे. आठशे वर्षांहून जुनी अक्षरं तो वाचतो. १८१२ ते १८४६, एवढंच त्यांचं आयुष्य. चौतीस वर्षं.

पोंभुर्ल्याला जायचा रस्ता अरुंद आहे. समोरून एसटी आली की आपण गाडी जांभ्याच्या गडग्याला चिकटवून उभं राहायचं, चालक हात वर करतो, आपणही करायचा. दोन ठिकाणी वाट विचारावी लागली. "सरळ जावा आणि फुडे वडाकडे इचारा," असं उत्तर मिळालं, आणि वडाखाली खरोखर सांगणारं माणूस होतं. गावात बाळशास्त्रींच्या स्मरणार्थ सभागृह उभं आहे. मी गेलो तेव्हा दुपार होती, अंगणात सुपाऱ्या वाळत होत्या, कुठेतरी पाटा-वरवंट्याचा आवाज येत होता. बाळशास्त्रींच्या काळी या भागातला माणूस मुंबईला निघाला की त्याला आधी खाडी गाठावी लागे. तो डोंगराला पाठ करायचा आणि पश्चिमेला चालू लागायचा. मुंबई उत्तरेला होती, पण रस्ता आडवाच होता. पुढे आगबोटी आल्या, विजयदुर्ग-देवगडला थांबू लागल्या, तरी बोट गाठायला आडवंच जावं लागे.

मीही पश्चिमेला निघालो. विजयदुर्ग तळेऱ्याहून सुमारे पन्नास किलोमीटर. झाडी, मग खाली नदीकाठी मळे, मग चढ, आणि चढ संपला की एकदम आकाश मोठं होतं. सडा लागला. सडा म्हणजे जांभ्याचं पठार. उन्हाळ्यात ते काळंकरडं, रखरखीत, कागदोपत्री कितीदा पडीक म्हणून लिहिलेलं. या एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो, कारण सड्याइतकी भरलेली जमीन मी पाहिलेली नाही.

आधी दगडच घ्या. लाखो वर्षं मुसळधार पाऊस आणि कडक ऊन आलटून पालटून पडलं की खडकातली सिलिका आणि विरघळणारे क्षार धुऊन जातात, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. लोह गंजतं, म्हणून रंग तांबडा. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, करवतीने कापता येतो, आणि उघड्यावर हवा-ऊन लागलं की कडक होतो. म्हणून त्याचे चिरे पाडून घर बांधता येतं. फ्रान्सिस ब्युकॅनन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टराने मलबारात लोकांना असे चिरे काढताना पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात या दगडाला लॅटेराइट असं नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आज तो शब्द आहे आणि त्याच्या मुळाशी आपल्याच किनाऱ्यावरचा चिरा आहे.

भाद्रपदात या कातळावर बोटभर पाणी साचतं आणि त्यात निळीजांभळी फुलं उमलतात. लोक त्यांना सीतेची आसवं म्हणतात. मी गुडघ्यावर बसून एक रोप बघितलं. दिसायला नाजूक, टीचभरही नाही. पण ते शिकार करतं. कातळावर माती जवळपास नाही, नायट्रोजन नाही, म्हणून त्याने मुळाच्या जागी बारीक फुगे बाळगले आहेत. फुगा आतलं पाणी बाहेर टाकून चपटा होऊन बसतो. सूक्ष्म जीव दाराच्या केसाला लागला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या शंभराव्या हिश्शातही मावेल एवढ्यात घडतं. ताशी ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याला हे फूल निळ्या डागाएवढंही दिसत नाही.

आणि याच कातळावर माणसाने चित्रं कोरली. राजापूर, देवगड, मालवणच्या सड्यांवर कातळशिल्पं सापडली आहेत, अजून सापडताहेत. गुराख्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या शिल्पांना तिथले लोक 'बाहुल्यांचं टेंब' म्हणत आले. सतीश लळीत यांनी ती अभ्यासकांपुढे आणली. रत्नागिरीच्या कशेळीला अठराएक मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. काही ठिकाणी गेंडाही कोरलेला आहे, जो आज कोकणात कुठेच नाही. म्हणजे कोरणाऱ्याने तो पाहिलेला असणार, किंवा पाहिलेल्याकडून ऐकलेला. एप्रिल २०२२ मध्ये यातल्या काही जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. त्यांतल्या देवाचे गोठणे इथल्या शिल्पावर होकायंत्र ठेवलं तर सुई भलतीकडे वळते. खडकातलं चुंबकत्व तिला ओढतं. मला यात एक गोष्ट फार आवडते. चालत, उन्हात, दगडाकडे बघत जाणाऱ्या माणसालाच ही चित्रं सापडतात, तेव्हाही आणि आताही.

विजयदुर्गला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. किल्ल्याचा इतिहास बहुतेकांना माहीत असतो: शिलाहार भोजाचा किल्ला, १६५३ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला, पुढे आंग्र्यांचं बळकट ठाणं, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या हाती गेला. मी मात्र किल्ल्यातले ओटे बघायला आलो होतो. 'साहेबाचे ओटे' म्हणून ते ओळखले जातात, आणि इथे हेलियमचा शोध लागला असं सांगितलं जातं. दरवर्षी १८ ऑगस्टला त्यासाठी कार्यक्रमही होतो.

खरी हकिगत दोन ग्रहणांची आहे आणि ती मला ऐकीव गोष्टीहून सुंदर वाटते. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतावरून गेलं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते गुंटूरहून पाहिलं आणि सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट मिळवला. नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. २० ऑक्टोबरला त्यांनी ग्रहण नसतानाही त्या ज्वाळांचा प्रकाश वेगळा करून पाहिला, आणि त्यातली पिवळी रेघ पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. सूर्य म्हणजे ग्रीकमध्ये 'हेलिओस', म्हणून हेलियम. बरेच जण विश्वास ठेवेनात. जे पृथ्वीवर नाही ते सूर्यावर कसं? सत्तावीस वर्षांनी, १८९५ मध्ये, विल्यम रॅमसे यांना एका खनिजातून तो वायू मिळाला. आणि तीन वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, सर नॉर्मन लॉकियर स्वतः विजयदुर्गला आले. ब्रिटिश नौदलाच्या मेल्पोमीन जहाजावरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. त्यांना दुर्बिणी आणि कॅमेरे हाताळायला, सूर्याभोवतीच्या प्रभेची रेखाटनं करायला शिकवलं होतं. खग्रास अवस्था दोनेक मिनिटांची. आयुष्यभर ज्या सूर्याचा प्रकाश चाळला, तो भरदिवसा विझताना बघायला म्हातारपणाकडे झुकलेला माणूस या तटांमध्ये उभा होता. हेलियमची रेघ त्याने इथून शोधली नाही. पण ती खरी ठरल्यानंतर ज्या काही जागांवरून त्याने सूर्य पाहिला, त्यातली ही एक. गावाने दोन ग्रहणं एकत्र विणली, आणि मला त्यात गावाचं प्रेम दिसतं.

ओट्याजवळ बराच वेळ उभा राहिलो. मग जेटीवर उतरलो. एक आजोबा जाळं दुरुस्त करत बसले होते, सुई दातात धरून दोऱ्याची गाठ आवळत. खाली पाणी तटाला हलकेच लागत होतं. मी विचारलं, भरती की ओहोटी? त्यांनी मान वर न करता पाण्यावर तरंगणारं नारळाचं एक सोडण दाखवलं. ते समुद्राकडून खाडीच्या आत चाललं होतं, कुणी ढकलत नसताना.

"भरती लागली," ते म्हणाले. "आता ह्यां पाणी पार खारेपाटणाक जातलां."